वाकळ, बॅग आणि तासाचा हिशेब

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा एक सनातन वाद आहे: तयार लायब्ररी घ्यायची की स्वतः कोड लिहायचा? पिशव्या शिवणाऱ्यांचाही हाच वाद असतो हे मला अलीकडे कळलं. बाजारातून टाके घातलेलं तयार 'क्विल्टेड' कापड आणायचं, की वर कापड, मध्ये फोम, खाली अस्तर असे थर स्वतःच शिवून घ्यायचे? आई जयसिंगपुरात अशा हँडबॅगा शिवून विकते, त्यामुळे दोन्ही बाजू घरबसल्या ऐकायला मिळतात. म्हटलं, या वीकांताला जरा मुळाशी जाऊन बघू.

आपल्याकडचं मूळ म्हणजे वाकळ. (पुणेकरांनी गोधडी वाचावं.) वर-खाली जुनी लुगडी, मध्ये विरलेली धोतरं नि चिंध्या. धावदोरा कडेने सुरू होतो आणि फेरे घेत घेत मध्यापर्यंत येतो. यात टाका शोभेसाठी नसायचाच मुळी. एकेकटं घेतलं तर फाटेल असं कापड तो एकमेकांच्या आधाराने उभं करतो. एक सर्व्हर पडला तरी बाकीचे चालू, तसं. कर्नाटकात हिलाच कौदी म्हणतात. तिकडे हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी समाजाच्या बायका 'कवंद' शिवतात, आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घडीची कापडी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. आपल्या वाकळीला असले लाड नाहीत.

आता तयार कापडाचं मूळ. मला वाटलं होतं ही हल्लीची चायनीज भानगड असणार. पण ही गोष्ट तब्बल अडीचशे वर्षं जुनी निघाली! सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज लोक बंगालमधल्या सातगावहून भरतकाम केलेल्या रजया युरोपात नेत. त्यांना ते 'कोल्शा' म्हणत. पुढे फ्रान्सच्या मार्सेय बंदरातलं असंच काम गाजलं. तिथल्या बायका कापडाचे दोन पदर हाताने बारीक शिवून मधल्या खाचांत सुताचे पीळ भरायच्या. काम देखणं, पण एकेका नगाला लागणारे तास मोजवत नाहीत. मग अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या विणकरांनी शक्कल काढली. मागावरच दोन पदर एकदम विणायचे आणि मध्ये जाड सूत सोडायचं. सुई लावायचीच नाही! लँकाशायरमधलं बोल्टन हे गाव या मालासाठी प्रसिद्ध झालं, आणि माल विकला गेला मार्सेयच्याच नावावर. म्हणजे मार्सेय नावाच्या त्या तयार कापडात एकही टाका नव्हता. हे वाचून मी तर आडवाच झालो.

आमच्या भागात यंत्र आलं ते १९०४ साली. विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचं त्यांना पाठबळ होतं. जयसिंगपूर तर त्यानंतरचं. शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेलं, सरळ रेघांच्या गल्ल्यांचं गाव. इचलकरंजी इथून हाकेवर, त्यामुळे आमच्याकडे नवं कापड ही अप्रूपाची गोष्ट राहिली नाही. मग विरेपर्यंत लुगडं जपायचं कशाला? १९४१ मध्ये इंग्लंडात पॉलिस्टर धाग्याचा शोध लागला आणि पुढे मधल्या थरातल्या चिंध्याही गेल्या. आता तर अल्ट्रासॉनिक मशीनवर थर वितळवून ठिपक्याठिपक्याने चिकटवतात. शुद्ध सुती कापडावर ते चालत नाही, कारण सूत वितळत नाही, जळतं. बोल्टनवाल्यांचे वंशज शोभतात!

बॅगेपुरतं बोलायचं तर दोन्हीकडे कटकटी आहेत. तयार कापड कापलं की कडेचे टाके उसवायला लागतात, म्हणून आखलेल्या रेघेच्या आतून आधी एक शिलाई मारावी लागते. नक्षी ठरलेली, बहुतेक वेळा शंकरपाळी. स्वतः थर शिवले तर कापड आवळतं. म्हणून तुकडा मोठा घ्यायचा, टाके घालायचे आणि मगच मापाने कापायचा. एवढ्यात तयार कापडाची अख्खी बॅग होते.

आणि इथेच माझं नि आईचं वाजलं. तिच्या वहीत कापड, चेन, दोरा, बंद सगळ्याचे पैसे मांडलेले. टाक्यांचे तास कुठेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "तुझ्या तासाला कंपनी पैसे देते रे. माझ्या तासाला कोण विचारतंय?"

मला वाटतं वाकळ स्वस्त होती ती याच कारणाने. दुपारी सोप्यात बसून चार बायका टाके घालायच्या, त्या दुपारीची किंमत शून्य धरलेली. बोल्टनच्या विणकराने तास मोजले, म्हणून त्याला माग सुचला. 'हाताने शिवलेलं तेच खरं' म्हणत गळे काढणारे आपण बहुतेक जण त्या चार बायकांत कधी बसलेले नसतो. पण कोणी आजीचं लुगडं घेऊन आलं, तर तिथे तयार कापड काय कामाचं? विरलेल्या कापडाला टाका लागतोच. नव्या कापडावर मात्र वाकळीचा देखावा करण्यात बोटं झिजवू नयेत, असं माझं मत.

आईने ते अर्धंच मानलंय. गेल्या महिन्यापासून ती वहीत तास लिहिते. त्या हिशेबाने पहिला भाव सांगितला तेव्हा गिऱ्हाईक बाई दोन मिनिटं गप्प बसल्या, मग तयार कापडाची एक बॅग घेऊन गेल्या. जुनं लुगडं मात्र ठेवून गेल्यात. दिवाळीनंतर बघू म्हणाल्या.