निखाऱ्यावरचें भरीत आणि अंगणांतली कोंबडी



भाजलेल्या भाज्या, कोंबडीचे तुकडे आणि वर लिंबाचा रस, असा एक पदार्थ अलीकडे 'सॅलड' या नांवानें आपल्या ताटांत येतो व परका समजला जातो. परंतु वाशीमसारख्या वऱ्हाडी मुलुखांत पाहिलें, तर त्याचीं दोन्ही अंगें येथें फार जुनीं आहेत. नवी आहे ती त्यांची एका ताटांतली भेट.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वांगें हें आपल्याच भूमीचें फळ; मिरची मात्र पोर्तुगीज १४९८ मध्यें भारतांत आल्यानंतरची. तेव्हां वाकाटकांच्या काळीं जेवणांतला तिखटपणा मिऱ्यांचा व पिंपळीचा असला पाहिजे. आज कापसाची वेचणी सरली कीं वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवीं वांगीं भाजलीं जातात, आणि कांद्याची पात, लसूण व मिरची घालून भरीत सिद्ध होतें. त्याला जातीचें बंधन नाहीं.

कोंबडीचें भाग्य निराळें. ती आशियांतील तांबड्या रानकोंबडीची वंशज. चरकसंहितेनें तिचें मांस बलवर्धक म्हणून वाखाणलें. पण मनुस्मृतीनें द्विजांना गांवकोंबडा निषिद्ध ठरविला. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्याच श्लोकांत लसूण आणि कांदाही निषिद्ध आहेत! कांदा-लसणावरील निर्बंध बहुतेक घरांतून भरितासाठीं केव्हांच शिथिल झाला. कोंबडीचा मात्र टिकला. कित्येक घरांतून ती अंगणांत, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांतच शिजत राहिली. शास्त्र तेंच, श्लोक तोच. परंतु कोणता निषेध मोडावा व कोणता पाळावा, हें माणसांनीं ठरविलें. म्हणून अन्नाचा इतिहास हा पंक्तीचाही इतिहास असतो.

आतां कृतीकडे वळूं. कोंबडीचे बिनहाडांचे तुकडे दहीं, आलें, लसूण, हळद व मीठ लावून तासभर ठेवावेत. मग निखाऱ्यावर वा तव्यावर आंतील गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत भाजावेत. वांगें, कांदा व तांबड्या भोपळ्याच्या फोडी निराळ्या भाजून घ्याव्यात. कच्च्या मांसाला लागलेलें ताट धुतल्यावांचून पुन्हां वापरूं नये. सर्व एकत्र करून लिंबू, कोथिंबीर व जवसाची कोरडी चटणी घालावी. तेल अगदीं थोडें लागतें. भाज्यांचा चोथा आणि मांसांतील प्रथिनें एकाच वेळीं मिळतात.

ज्यांना मांस वर्ज्य आहे, त्यांनीं तें खुशाल वगळावें. मात्र आवडनिवड ही ताटापुरती असावी. शेजारीं बसणाऱ्याच्या प्रतिष्ठेचें माप ती होऊं नये. अंगणांतली चूल आणि घरांतली चूल यांमधलें अंतर पावलांनीं मोजलें तर थोडेंच भरतें; तें ओलांडावयास मात्र शतकें लागलीं.