पदवीची किंमत आणि बुडालेली मजुरी

पदवी घ्यायला किती पडते आणि पदवी किती मिळवून देते, हा हिशेब आपल्याकडे फीपासून सुरू होतो आणि पगारापाशी संपतो. दलित विद्यार्थ्यापुरता तो दोन्ही टोकांना चुकतो. फी हा त्याचा सर्वांत लहान खर्च असतो आणि त्याची मिळकत नुसत्या पदवीवर ठरत नाही. मराठवाडा विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून मी हे पाहिले आहे. इतिहास मात्र माझ्यापेक्षा बराच जुना आहे.

बाबासाहेबांपासूनच पाहावे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळत. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. कागदावर व्यवहार चोख होता. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू झाले, तर शहरात राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले. लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. अमेरिकेतले सारे शिक्षण बडोद्यात एक खोली भाड्याने मिळवून देऊ शकले नाही. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात त्यांना ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली, आणि तेथेही पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झालीच.

हा अनुभव गाठीशी असलेला माणूस १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेला, तेव्हा त्याने पहिल्या काही महिन्यांतच उच्च शिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न लिनलिथगो यांच्यापुढे लेखी मांडला. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार दरवर्षी तीन-तीन लाख देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी तेवढी तरतूद का नको, हा त्यांचा सवाल होता. तीन लाख मिळाले. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती या प्रयत्नातून. आज कचेरीच्या खिडकीपाशी ‘फुकटची शिष्यवृत्ती’ असे कोणी म्हणतो, तेव्हा हा जन्म त्याला ठाऊक नसतो.

मराठवाड्यात आणखी एक खर्च होता, अंतराचा. उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला. खेड्यातल्या महाराचा पोर तेथवर कसा पोहोचणार? पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याने आमचा प्रवासखर्चच वाचवला असे नव्हे, शिकण्याची कल्पनाच आवाक्यात आणली. १९५८ मध्ये विद्यापीठही तेथेच आले.

मी १९७१ मध्ये वसतिगृहात राहायला आलो. फी माफ होती. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती, दिवसाला दोन-अडीच रुपये मिळत, आणि सुकडीचा काही भाग ती लहान भावंडांसाठी पदराला बांधून आणी. मी तिच्याशेजारी बसलो असतो तर घरात आणखी तेवढेच आले असते. वर्षाचा हिशेब केला तर ही बुडालेली मजुरी कोणत्याही फीच्या कितीतरी पट भरते. ती कोणी माफ केली नाही, कारण ती कोणी मोजलीच नव्हती. आईने ती भरली. त्यात शिष्यवृत्ती वेळेवर येत नसे. एका वर्षी ती परीक्षा संपल्यावर आली. तोवर मेसचे बिल थकून दोनदा ताट बंद झाले. मित्रांच्या ताटात जेवलो.

पदवीच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. अर्जावर ‘धर्म’ हा रकाना असे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींत हिंदूच धरले जात; शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला. त्याच वर्षी आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, म्हणून आमची पिढी पदवीपर्यंत पोहोचली. पण रेल्वे, पोस्ट, बँका येथे बौद्धाला राखीव जागा नव्हती. कायदा बदलला १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना. चौतीस वर्षे.

माझ्या खोलीतल्या मित्राने दाखल्यावर ‘हिंदू महार’ लिहिले आणि तो केंद्राच्या नोकरीत लागला. मी ‘बौद्ध’ लिहिले आणि राज्याच्या एका कचेरीत कारकून झालो. प्राध्यापकी फार पुढची. दोघांचा वर्ग एक, गुणही जवळपास सारखे. पगारात मात्र शंभरावर रुपयांचा फरक. त्या वेळी मी त्याला नावे ठेवली. आता ठेवत नाही. त्याच्यामागे पाच माणसे खाणारी होती. ‘पदवीचे उत्पन्न’ असे एकच आकडे देऊन सांगणाऱ्यांनी या रकान्याचा हिशेब कोठे धरला आहे, एवढेच विचारावेसे वाटते.

आजचे पाहू. केंद्राच्या या शिष्यवृत्तीत बी.ए.च्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता २०१० च्या दरांनी दरमहा ५७० रुपये होता. दहा महिन्यांचे ५,७०० होतात. २०२१ च्या सुधारित योजनेत तो वर्षाला ६,००० झाला. अकरा वर्षांत तीनशे रुपयांची वाढ! पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी राज्याने २०१७ पासून स्वाधार योजना आणली, तिची रक्कम बरी आहे. पण ती हाती पडेपर्यंत खोलीचे भाडे कोणी द्यायचे हा जुनाच प्रश्न आहे. अर्ज आता संगणकावर भरतात, थांबणे तेच.

आमच्या गल्लीतल्या एका मजुराची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. दिवाळीच्या सुमारास ती गावी कापूस वेचायला गेली. दिवसाकाठी तीनशे रुपये सुटत होते. वीस दिवस वेचला आणि सहा हजार घेऊन आली, म्हणजे सरकार वर्षाला देते तेवढेच. परत आली तेव्हा हजेरी कमी भरली म्हणून अर्ज अडला होता. तो घेऊन ती माझ्याकडे आली, म्हणाली, “सर, कारण काय लिहू?” मी ‘आजारपण’ लिहायला सांगणार होतो. तिने आधीच ‘मजुरी’ लिहिले होते.