वास लपवणारे शिकारी कपडे खरंच काम करतात का?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम आला की जाहिरातींचाही हंगाम सुरू होतो. 'हरणाला तुमचा वास येणारच नाही' असं सांगत जॅकेट, टोप्या, अगदी मोजेसुद्धा विकले जातात. पूर्ण सूटसाठी शेकडो डॉलर मोजावे लागतात.

या कपड्यांच्या अस्तरात ॲक्टिव्हेटेड कार्बन असतो. तोच, जो आपल्या घरातल्या वॉटर प्युरिफायरमध्ये असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत वासाचे रेणू अडकतात. इथपर्यंत विज्ञान बरोबर आहे.

गडबड पुढे आहे. छिद्रं भरली की कार्बनचं काम थांबतं. यावर कंपन्यांचा उपाय म्हणजे कपडे घरच्या ड्रायरमध्ये फिरवा, कार्बन पुन्हा ताजा! प्रत्यक्षात कारखान्यांत वापरलेला कार्बन पुन्हा सक्रिय करायला भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. घरचा ड्रायर शंभरीही गाठत नाही.

मिनेसोटातल्या काही शिकाऱ्यांनी २००७ मध्ये थेट कोर्ट गाठलं. 'वास नाहीसा करणारे' ही जाहिरात २०१० मध्ये खोटी ठरली. पण २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश फिरवला. 'नाहीसा' म्हणजे शेवटचा रेणूही उरणार नाही, असा अर्थ प्रत्येक ग्राहक घेईलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे थोडक्यात, जाहिरात इतकी मनावर घेऊ नका!

शोधक कुत्र्यांवरही चाचणी झाली. कार्बन सूट घालून लपलेली माणसं कुत्र्यांनी जवळपास सगळीच शोधून काढली. कुत्रा म्हणजे हरीण नव्हे, हे मान्य. पण श्वास, केस, बूट यांचा वास सूट कसा अडवणार? म्हणून मुरलेले शिकारी आजही आधी वाऱ्याची दिशा बघतात.

शरीराचं 'विद्युत क्षेत्र' लपवणारे सूटही बाजारात आहेत. हरणांना असं क्षेत्र जाणवतं याचा मुळात पुरावाच नाही.

रंगांच्या बाबतीत मात्र शंका घेणाऱ्यांनी जरा थांबावं. १९९२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधनात दिसलं की हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्यांना निळा रंग छान दिसतो, नारिंगी मात्र मळकट. सुरक्षेसाठी घातलेलं भडक नारिंगी जॅकेट त्यांना खटकत नाही. उलट कपडे उजळ करणाऱ्या डिटर्जंटमुळे कापड निळसर चमकतं, आणि ती चमक त्यांना दिसू शकते. वाघाचा नारिंगी रंगही चितळाला हिरवट भासतो, म्हणून तो गवतात बेमालूम लपतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही. पण ताडोबाला जाताना अनेक जण हौसेने कॅमोफ्लाज जॅकेट घेतात. खर्च करायची गरज नाही. निळी जीन्स टाळली आणि शांत बसलं तरी पुरे. तसंही सहा जणांना घेऊन घरघरत येणारी जिप्सी कुठलं जॅकेट लपवणार?