मायादृष्टीचें यंत्र: त्याची कुळकथा व निवड

मनुष्याला डोळे दोन आहेत, परंतु त्याला दिसणारें जग एकच असतें. या साध्या गोष्टींत केवढें रहस्य आहे, याचा विचार सामान्यतः कोणी करीत नाहीं. श्रोत्यांनीं एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवून पाहावा, म्हणजे दुसऱ्या डोळ्याची योग्यता तत्काळ ध्यानांत येईल. एकच वस्तु दोन्ही डोळ्यांस किंचित् निराळ्या बाजूंनीं दिसते, आणि त्या दोन चित्रांच्या मिलाफांतून मन अंतराचा अंदाज बांधतें. संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळणारे लोक डोळ्यांवर व्हर्च्युअल रिॲलिटी हेडसेट नांवाचें जें यंत्र चढवितात, त्याचा मूळ व्यवहार याच तत्त्वावर चालतो. बाजारांत अशीं यंत्रें अनेक आहेत, त्यांच्या किंमती जबर आहेत, आणि कोणतें घ्यावें याविषयीं घेणाराचा गोंधळ उडतो. जाहिराती वाचून तो गोंधळ वाढतो. यंत्राची कुळकथा पाहिली असतां मात्र पुष्कळसा उलगडतो.

या कुळाचा मूळपुरुष इंग्लंडांत सांपडतो. लंडन येथील किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक चार्ल्स व्हीट्स्टन यांनीं सन १८३८ मध्यें रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचून आपलें ‘स्टीरिओस्कोप’ हें साधन विद्वानांस परिचित करून दिलें. त्या वेळीं छायाचित्रणाची कला अद्याप जगजाहीर झाली नव्हती. म्हणून त्यांनीं हातानें काढलेल्या दोन रेखाकृति दोन आरशांच्या साहाय्यानें एकेका डोळ्यास दाखविल्या, आणि सपाट कागदावरील रेषांतून घनाकृति वस्तु उभी राहिली. पुढें सन १८४९ मध्यें डेव्हिड ब्रूस्टर यांनीं आरशांच्या जागीं भिंगें योजिलीं. सन १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत व्हिक्टोरिया राणीची मर्जी या यंत्रावर बसली, आणि त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. अमेरिकेंत ऑलिव्हर वेंडेल होम्स या वैद्यांनीं सन १८६१ च्या सुमारास हातांत धरण्याजोगा स्वस्त नमुना तयार केला व त्याचें पेटंट मुद्दाम घेतलें नाहीं. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं जेम्स रिकाल्टन या अमेरिकन प्रवाशांनीं घेतलेल्या अशाच जोडचित्रांतून परदेशस्थ लोकांनीं घरबसल्या मुंबई पाहिली.

दृष्टीची शाखा अशी वाढत असतां देहाची शाखा निराळ्याच घरीं जन्मास आली. न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन या गांवीं एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. ज्या भात्यांनीं ऑर्गनास सूर मिळे, तशाच भात्यांवर लिंक यांनीं सन १९२९ मध्यें विमानाच्या आकाराचा एक लहानसा खोका बसविला. शिकाऊ वैमानिक आंत बसून दांडा हालवी, आणि खोका जमिनीवरच डोलूं व वळूं लागे. प्रथम लोकांनीं यास करमणुकीचें खेळणेंच मानलें. परंतु सन १९३४ मध्यें अमेरिकन लष्कराकडे विमानटपालाचें काम आलें, खराब हवेंत विमानें कोसळून अनेक वैमानिक प्राणास मुकले, आणि मग लष्करानें हीं खेळणीं विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत दोस्त राष्ट्रांच्या लक्षावधि वैमानिकांनीं केवळ उपकरणांवर नजर ठेवून उडण्याचे धडे त्यांत गिरविले. सिम रेसिंग म्हणजे शर्यतीची हुबेहूब नक्कल. तींत वापरली जाणारी खुर्ची, स्टिअरिंग व पेडल यांचें नातें या भात्यांवरील खोक्याशीं लागतें.

दृष्टियंत्रांत मात्र एक मोठी उणीव राहिली होती. पाहणारानें मान वळविली तरी चित्र कांहीं वळत नसे. ही उणीव आयव्हन सदरलंड यांनीं दूर केली. सन १९६८ मध्यें त्यांनीं जगापुढें मांडलेल्या यंत्रांत दोन लहान काचनळ्यांवर संगणकानें काढलेलीं चित्रें उमटत, आणि डोकें जसें वळेल तसें दृश्यही वळे. दृश्य म्हणजे नुसत्या प्रकाशरेषांची आकृति होती. डोक्याची हालचाल मोजणारा दांडा छताला टांगलेला असे. म्हणून त्याला ग्रीक कथेंतील डोक्यावर लोंबणाऱ्या ‘डॅमोक्लिझच्या तलवारी’चें नांव पडलें.

यानंतरचीं चाळीस वर्षें मुख्यतः आशा व निराशा यांचीं आहेत. सन १९९५ मध्यें निन्टेंडो कंपनीनें ‘व्हर्च्युअल बॉय’ बाजारांत आणला. लाल रेषांचें तें दृश्य लोकांस रुचलें नाहीं व यंत्र लौकरच बंद पडलें. सन २०१२ मध्यें पामर लकी या तरुणाच्या ऑक्युलस कंपनीनें लोकांकडे अडीच लाख डॉलरांची मागणी केली. जमले चोवीस लाखांहून अधिक. सन २०१४ मध्यें फेसबुकनें ती कंपनी सुमारें २०० कोटि डॉलरांस घेण्याचें ठरविलें, आणि सन २०१६ मध्यें ऑक्युलस रिफ्ट व एच. टी. सी. व्हाइव्ह हीं दोन यंत्रें विक्रीस आलीं.

शर्यतीच्या खेळाडूंनीं या यंत्रांचें स्वागत आधीं केलें, यास कारण आहे. त्यांचा खेळ बसूनच चालतो. खोलीभर फिरावें लागत नाहीं. खऱ्या चालकाप्रमाणें मान वळवून पुढील वळणाचा आंतला कांठ पाहतां येतो, आणि अंतराचा अंदाज आल्यामुळें ब्रेक कोठें दाबावा हें नेमकें कळतें.

परंतु येथेंच पहिली अडचण उद्भवते. महाभारतांतील मयसभेंत दुर्योधनास जमिनीच्या जागीं पाणी व पाण्याच्या जागीं जमीन भासली, आणि त्याची फजिती झाली. हेडसेट घातलेल्या खेळाडूचें कांहींसें तसेंच होतें. डोळे सांगतात कीं मोटार धांवत आहे. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं देह खुर्चींत स्वस्थ आहे. या दोन साक्षींत विसंवाद झाला म्हणजे मळमळ सुटते. त्यांत मान वळल्यावर चित्र उशिरां वळलें, तर त्रास दुणावतो. हा उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणून नवख्यानें आरंभीं थोडाच वेळ खेळावें, व मळमळ सुरू होतांच यंत्र उतरवावें.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो: चित्राच्या सुबकतेपूर्वीं आपल्या संगणकाचें बळ पाहावें. सन २०२० मधील एच. पी. रिव्हर्ब जी २ या हेडसेटांत प्रत्येक डोळ्यापुढें २१६० गुणिले २१६० बिंदु होते. दोन्ही डोळ्यांचे मिळून ९३ लाखांवर झाले. सेकंदास ९० चित्रें धरतां संगणकास सेकंदास सुमारें ८४ कोटि बिंदु रंगवावे लागत. साध्या फुल एच. डी. पडद्यावर सेकंदास ६० चित्रें काढावयाचीं, तर हा आंकडा १२ कोटि ४४ लाख भरतो. म्हणजे काम पावणेसात पट झालें. ग्राफिक्स कार्ड दुबळें असून मोठा हेडसेट आणणें म्हणजे अंथरूण न पाहतां पाय पसरणें होय.

दुसरा नियम देहाचा. दोन बाहुल्यांमधील अंतर प्रौढ माणसांत सरासरीनें ६३ मिलिमीटर असलें, तरी तें माणसागणिक बदलतें. भिंगांचें अंतर त्यास जुळलें नाहीं, तर उत्तम चित्रही धूसर दिसतें. वजनाचीही तीच गोष्ट. सन २०२३ मधील ‘बिगस्क्रीन बियाँड’ हा हेडसेट केवळ १२७ ग्रॅमांचा होता व त्याची चेहऱ्यावरील गादी प्रत्येक ग्राहकाच्या चेहऱ्याबरहुकूम बनविली जाई. मात्र डोक्याची जागा मोजणारीं स्थानकें खोलींत निराळीं बसवावीं लागत. त्याच वर्षीं निघालेला मेटा क्वेस्ट ३ स्वतंत्रपणें चालतो. संगणकाशीं जोडतांना मात्र चित्र आकुंचित करून पाठविलें जातें, त्यामुळें थोडी सुबकता व थोडा वेळ खर्चीं पडतो. शर्यतींत हात स्टिअरिंगवर असतात. तेव्हां हातांत धरावयाच्या साधनांसाठीं अधिक पैसा मोजण्याचें प्रयोजन नाहीं.

तिसरा नियम सर्वांत कडू अनुभवांतून आला आहे. वर सांगितलेला रिव्हर्ब जी २ सुमारें ६०० डॉलरांस मिळे, आणि त्याच्या स्वच्छ चित्रामुळें शर्यतीच्या खेळाडूंत लोकप्रिय होता. तो मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज मिक्स्ड रिॲलिटी’ या प्रणालीवर अवलंबून होता. डिसेंबर २०२३ मध्यें कंपनीनें ती प्रणाली मोडीत काढल्याचें जाहीर केलें, आणि सन २०२४ मध्यें आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तींतून ती काढून टाकली. ज्यांनीं नवी आवृत्ति घेतली, त्यांचें यंत्र एका दिवसांत निरुपयोगी ठरलें. भिंग फुटलें नव्हतें कीं तार तुटली नव्हती. सन २०२५ मध्यें ‘ओॲसिस’ नांवाचा विनामूल्य ड्रायव्हर निघाला, व एनव्हिडिया कार्ड असलेल्यांस आपलीं यंत्रें पुन्हा चालवितां आलीं. परंतु ही मूळ कराराची पूर्ति नव्हे, परोपकार होय.

होम्स यांचा लांकडी स्टीरिओस्कोप दीडशें वर्षांनंतरही माळ्यावरून काढून पुसला असतां चित्र दाखवितो. त्यास कोणाची अनुज्ञा लागत नाहीं. नव्या यंत्रांचें तसें नाहीं. म्हणून हेडसेट घेणारानें तीन प्रश्न याच क्रमानें विचारावे: निर्मात्यानें हात काढून घेतला तर हें यंत्र किती चालेल? आपला संगणक त्याचा भार पेलील काय? आणि तें डोळ्यांस व मानेस तासभर सोसेल काय? शक्य असल्यास ओळखीच्या खेळाडूचें यंत्र एकदां घालून पाहावें. बिंदूंची गणती व किंमतींची तुलना त्यानंतर करावी.