निर्जंतुक उंदराची कुळकथा

आतड्याच्या दीर्घकालीन दाहात जंतूंचा हात किती, हे ठरवायचं तर आधी जंतूच नसलेलं आतडं हवं. असं आतडं निसर्गात मिळत नाही, ते घडवावं लागलं. जंतूंवाचून प्राणी जगणार नाही, असा पाश्चरचा 1885 सालचा कयास. दहा वर्षांनी बर्लिनमध्ये नटाल आणि थिअरफेल्डर यांनी गिनीपिगच्या मादीचं पोट चिरून पिल्लू काढलं आणि निर्जंतुक दुधावर काही दिवस जगवून दाखवलं. पुढे अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात रेनियर्स यांनी पोलादी पेट्या बनवल्या, आणि 1957 साली ट्रेक्सलर यांचा स्वस्त प्लास्टिकचा तंबू आला. तंबूत हवा गाळून येते, खाद्य वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होऊन येतं, आणि पिंजरा साफ करायचा तो भिंतीलाच जोडलेल्या रबरी मोज्यांत हात घालून. मोज्याला सुईएवढं भोक पडलं तरी साऱ्या वसाहतीवर पाणी पडतं.

या खटाटोपाचं चीज झालं ते दाहाच्या प्रश्नावर. 1993 साली जर्मनीतल्या कोलोन इथे इंटरल्यूकिन-10 हे प्रथिन बनवू न शकणारे उंदीर तयार झाले. हे प्रथिन प्रतिकारशक्तीला आवर घालतं. ते नसलेल्या उंदरांची आतडी सुजली. पण स्वच्छ, ठरावीक रोगजंतू वगळलेल्या जागेत वाढवल्यावर सूज मोठ्या आतड्यापुरतीच राहिली. 1998 साली संशोधक सार्टर यांच्या गटाने तेच उंदीर निर्जंतुक तंबूत वाढवले, तेव्हा दाह झालाच नाही. मग नेहमीचे आतड्यातले जंतू त्यांना दिले, आणि आठवड्याभरात दाह सुरू झाला. जनुकातला दोष आधीपासून होताच, जंतू येईपर्यंत तो गप्प होता.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण 2009 साली इंटरल्यूकिन-10 चा ग्राही (रिसेप्टर) सदोष असलेल्या मुलांमध्ये अगदी तान्हेपणी आतड्याचा तीव्र दाह आढळला. म्हणजे वाट तीच निघाली. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. 2004 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्रतिजैविकांनी आतडं रिकामं केलेल्या उंदरांना डेक्स्ट्रान सल्फेट हे आतड्याला इजा करणारं रसायन पाजलं, तेव्हा जंतू शाबूत असलेल्या उंदरांपेक्षा हेच जास्त मेले. तेव्हा जंतू दाह पेटवतात आणि आतड्याचं अस्तर सांधायलाही लागतात. याने पहिला निष्कर्ष खोडला जात नाही. एकच जंतू कोणत्या आतड्यात आहे त्यावर त्याचं वागणं ठरतं, असं मी त्यातून वाचतो.

या वाचनाची खरी कसोटी आपल्याकडे, भारतात आहे; पण त्याआधी आणखी एक प्रयोग. 2011 साली येलमध्येच एनएलआरपी-6 हे जनुक नसलेल्या उंदरांसोबत निरोगी उंदीर ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जंतू पसरले आणि निरोगी उंदरांतही डेक्स्ट्रान सल्फेटने होणारा दाह बळावला. संशयितांत प्रेवोटेला या जंतूचं कुटुंब होतं. मात्र पुण्याच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं की निरोगी भारतीयांच्या आतड्यात प्रेवोटेला मुळातच मुबलक असते. तंतुमय आहाराशी तिचं नातं इतर देशांतल्या अभ्यासांतही दिसलं आहे. मग डहाणू-तलासरीत भात, नागलीची भाकरी, डाळ आणि रानभाज्यांवर वाढलेल्या माणसाच्या पोटात ती भरपूर सापडली, तर येलच्या उंदरांवरून तिला गुन्हेगार ठरवणं हा तर्काचा घोळ होईल. तिथल्या आगरसारख्या गावातल्या दाहाच्या रुग्णाची तुलना करायची तर तेच पाणी पिणाऱ्या, तेच जेवणाऱ्या निरोगी शेजाऱ्याशी करायला हवी. ती केल्याशिवाय केवळ प्रेवोटेला मारण्यासाठी प्रतिजैविक लिहून देणं मला गैर वाटतं.