तणसर्वेक्षण : किल्लारी परिसर

तणसर्वेक्षण : पिकाच्या शेतात कोणती तणे उगवतात, किती उगवतात आणि शेताच्या कोणत्या भागात उगवतात, याची ठरावीक पद्धतीने मोजून केलेली नोंद. नुसत्या वनस्पतींच्या यादीला सर्वेक्षण म्हणत नाहीत. गावात केना आहे, एवढे कळून शेतकऱ्याचे काम भागत नाही. तो कोणत्या रानात, किती दाट आणि पेरणीनंतर कितव्या दिवशी आहे, हे कळावे लागते.

किल्लारी (ता. औसा, जि. लातूर) हे तेरणेच्या खोऱ्यातले काळ्या जमिनीचे गाव. तिथल्या वनस्पतींची शास्त्रीय यादी जुनी आहे. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्यामुळे व्ही. एन. नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ (१९७९) या ग्रंथाच्या कक्षेत औसा तालुकाही येतो. त्यांचाच ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ मध्ये आला. ओळख पटवण्यासाठी हे ग्रंथ आजही हाताशी हवेत. मात्र प्रत्येक शेतातले प्रमाण सांगणे हे वनस्पतिकोशाचे काम नव्हे. ती उणीव सर्वेक्षणाने भरून निघते.

परिसरातली तणे : खरिपात सोयाबीन, तूर, मूग, उडीद आणि रब्बीत हरभरा, ज्वारी, करडई अशी इथली पीकरचना. सोयाबीनमध्ये केना, मोठी दुधी, कुरडू, माठ, तरोटा, गोखरू, गाजरगवत आणि शिप्पीसारखी गवते दिसतात. रब्बीत चंदनबटवा आणि चांदवेल येतात. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही बहुवर्षायू तणे वेगळी मोजावीत, कारण ती खोड, मुळ्या किंवा गाठींतून पुन्हा फुटतात आणि खुरपणीने फक्त वरचा भाग जातो. लव्हाळा जगातले सर्वांत त्रासदायक तण गणला जातो. ओलिताच्या उसात तो हटता हटत नाही. माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या परिसरात कोरडवाहू आणि बागायती शेते म्हणून स्वतंत्र गटांत घ्यावीत. दोन्हींची सरासरी एकत्र काढली, तर ती कोणत्याच शेताचे खरे चित्र दाखवत नाही.

पद्धत : आधी जमीन, पीक आणि ओलीत यांनुसार शेतांचे गट पाडून प्रत्येक गटातून चिठ्ठीने शेते निवडतात. शेतात शिरल्यावर कडेच्या काही ओळी सोडून इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालायचे आणि ठरावीक अंतरावर अर्धा मीटर बाजूची चौकट टाकून आतली प्रत्येक जातीची रोपे मोजायची. कॅनडातील ए. गॉर्डन थॉमस यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दर शेतात अशा २० चौकटी असतात. समजा, त्यांपैकी १२ चौकटींत केना सापडला, तर त्याची वारंवारता ६० टक्के. सर्व चौकटींतल्या रोपांची संख्या चौकटींच्या एकूण क्षेत्राने भागली की घनता मिळते. हे दोन्ही आकडे सोबतच वाचावे लागतात : घनता सारखीच असली, तरी एक तण रानभर विखुरलेले असते आणि दुसरे एकाच कोपऱ्यात माजलेले असते. पहिल्याला सगळीकडे कोळपे लागते, दुसऱ्याला तेवढा कोपरा खणला तरी पुरते. नकाशात हा फरक दिसलाच पाहिजे. सर्वेक्षणाचा खरा उपयोग इथेच आहे. सखल, पाणी साचणारा भाग, बांध, पाट आणि रस्त्याकडची बाजू यांची नोंद त्यासाठी वेगळी ठेवतात. गाजरगवत बहुधा रस्त्याकडून आत सरकते आणि त्याच्या एका झाडाला हजारो बिया येतात.

सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तणांचा ताण सोसत नाही. म्हणून पहिली मोजणी पेरणीनंतर साधारण २० दिवसांनी, कोळपणी किंवा फवारणीच्या आधी करावी, दुसरी काढणीपूर्वी. दुसऱ्या मोजणीत हाती लागणारी तणे पुढच्या हंगामाचे बी टाकणारी असतात. इमाझेथापायरसारखे एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरले, की त्याला दाद न देणाऱ्या जाती वाढत जातात. म्हणून मागच्या तीन-चार हंगामांतल्या फवारण्या विचारून लिहाव्यात.

तणांची माहिती सर्वांत नेमकी कोणाकडे असते, तर खुरपणाऱ्या बायांकडे. कोणत्या पट्टीत काय उगवते, कोणते उपटल्यावर पुन्हा फुटते, कोणते भाजीला चालते, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक असते. कुरडू, घोळ, पाथरी आणि तांदुळजा त्या कोवळेपणीच वेगळे काढतात. त्यांना बरोबर न घेता केलेले सर्वेक्षण अपुरे राहते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. स्थानिक नावे मात्र नमुन्यासह नोंदवावीत. ‘दुधी’ या एका नावाखाली अनेक जाती येतात.

भूकंपाचा संदर्भ : ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांत किल्लारीही होते. त्यामुळे शेती आणि वस्तीची जुनी मांडणी बदलली. जुनी गावठाणे जिथे पडीक आहेत, तिथली झुडपे व गवते शेजारच्या शेताच्या नोंदीसोबत लिहावीत, कारण त्यांचे बी वारा, पाणी आणि जनावरे शेतात आणतात.

पीकबदल : सोयाबीन पसरले तसे ज्वारीचे रान घटले. त्याबरोबर ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला डोळ्यांआड झाला. त्याचे बी मात्र जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी रुजते. ज्या शेतात ज्वारी पुन्हा घेतली जाते, तिथे उगवणीपासून कणीस येईपर्यंत टारफुल्याची मोजणी वेगळी करावी लागते.