कर्नल नायडू : पगार संस्थानाचा, पेशा क्रिकेटचा

१/ भारताचे पहिले कसोटी कर्णधार कोट्टारी कनकय्या नायडू यांच्या नावामागे आयुष्यभर ‘कर्नल’ ही उपाधी राहिली. ती रणांगणावर मिळालेली नव्हती. ती क्रिकेटने मिळवून दिली होती, आणि त्या काळी आपल्याकडे खेळावर पोट कसे भरले जाई याचा सारा इतिहास तिच्यात दडलेला आहे.

२/ नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात, तिथे स्थायिक झालेल्या एका तेलुगू घराण्यात झाला. १९१६ साली मुंबईच्या क्रिकेट स्पर्धेत ते हिंदू संघातर्फे युरोपियनांविरुद्ध प्रथम श्रेणीत उतरले. पहिले तीन चेंडू थोपवून चौथ्यावर त्यांनी षटकार ठोकला, असे सांगितले जाते.

३/ पण कौशल्य होते म्हणून उपजीविका होती असे नाही. १९१७ साली कॅनडात नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. बर्फावर हॉकी खेळणारा तरुण तिथे क्लबशी करार करून त्याचे मोल घेऊ शकत होता. इंग्लंडमध्ये कौंटी क्रिकेटचे पगारी खेळाडू होते. नागपूरच्या तरुणापुढे यांपैकी कोणतीही वाट नव्हती.

४/ वाट निघाली ती इंदूरला. १९२३ साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नायडूंना बोलावून संस्थानच्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. कागदोपत्री सैनिकी चाकरी, प्रत्यक्षात क्रिकेट. पतियाळासारख्या संस्थानांतही क्रिकेटपटूंना असाच आश्रय मिळे. मल्लांना पोसणाऱ्या दरबारांना ही कल्पना मुळीच नवी नव्हती.

५/ १९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ मुंबईत आला. बॉम्बे जिमखान्यावर नायडूंनी दोन तासांहून कमी वेळात १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार. भारतीय संघ कसोटीच्या योग्यतेचा आहे ही खात्री पटवण्यात या खेळीचा वाटा मोठा होता. १९२८ मध्ये नियामक मंडळ स्थापन झाले.

६/ १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद मात्र पोरबंदरच्या महाराजांकडे आणि उपकर्णधारपद लिंबडीच्या राजपुत्राकडे गेले. दोघेही कसोटीत उतरले नाहीत, म्हणून २५ जून रोजी लॉर्ड्‌सवर नाणेफेकीला नायडू गेले. क्षेत्ररक्षणात हाताला दुखापत होऊनही त्यांनी पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा केल्या. भारत १५८ धावांनी हरला. १९३३ साली ‘विस्डेन’ने वर्षाच्या पाच क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली.

७/ इथे थोडे थांबायला हवे. इंग्लंडमध्ये तेव्हा हौशी खेळाडूंना ‘जंटलमेन’ आणि पगारी खेळाडूंना ‘प्लेयर्स’ म्हणत. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाआधी छापत, पगारी खेळाडूची नंतर. जॅक हॉब्ज यांच्यासारखा फलंदाजही पगारी असल्याने रीतसर कर्णधार झाला नाही. तो मान लेन हटन यांना १९५२ साली मिळाला. क्रिकेटसाठी पोसला गेलेला माणूस भारताने वीस वर्षे आधी कर्णधार म्हणून उतरवला! मात्र ‘कर्नल’ या उपाधीआड ते सहज झाकले गेले.

८/ आश्रयाची दुसरी बाजूही नायडूंनी पाहिली. १९३६ च्या दौऱ्यावर कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांना मिळाले. तीन कसोटींत त्यांच्या एकूण धावा ३३. त्यांच्या हाताखाली खेळणाऱ्या चाळिशीतल्या नायडूंनी ओव्हलवर गबी ऍलन यांचा चेंडू अंगावर घेऊनही ८१ धावा काढल्या. ती त्यांची सातवी आणि शेवटची कसोटी.

९/ १९४१ मध्ये ते बाथगेट कंपनीच्या यकृताच्या टॉनिकच्या जाहिरातीत झळकले. एखाद्या मालाची जाहिरात करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. दरबाराऐवजी बाजारातून येणारा पैसा तो हाच. तिकडे इंदूरला मुश्ताक अली, धाकटे बंधू सी. एस. नायडू अशा खेळाडूंसह त्यांनी होळकर संघ उभा केला. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन याच संघातून नाबाद २४९ धावा करून गेले, तरी जिंकली मुंबईच. पुढल्याच मोसमात होळकरांनी करंडक जिंकला आणि १९५२-५३ पर्यंत एकूण चारदा.

१०/ संस्थाने विलीन झाली, पाठोपाठ होळकर संघही संपला. नायडू थांबले नाहीत. १९५६ साली पद्मभूषण मिळाल्यावर १९५६-५७ च्या मोसमात ते उत्तर प्रदेशचे कर्णधार होते. वयाची एकसष्ट वर्षे पूर्ण झालेली. रणजीतल्या अखेरच्या डावात त्यांच्या धावा होत्या ५२.